विमान कंपन्यांना खुलं पत्र: लाइफ जॅकेटचं सांगून झालं असेल तर जरा पायांचंही सांगा

समस्त विमान कंपन्यांच्या साहेब आणि मॅडम लोकांना,

स.न.वि.वि.

तुमचा सेफ्टी डेमो मला आता तोंडपाठ झालाय. बेल्ट कसा लावायचा, मास्क खाली आला की आधी स्वतःला मग शेजारच्याला, लाइफ जॅकेट सीटखाली आहे पण विमानाच्या आत फुगवायचं नाही, त्याला शिट्टी आहे, लाइट आहे. हे सांगायलाच पाहिजे, त्यावर माझं काहीच म्हणणं नाही, वेळ आली तर तीच माहिती जीव वाचवते. पण आजवर इतक्या वेळा विमानात बसले त्यात लाइफ जॅकेट एकदाही लागलं नाही आणि कानाला दडे बसणं, घशाला कोरड, पोट फुगणं, पाय सुजणं हे मात्र दर वेळी झालंय, मला नाही झालं तर शेजारच्याला झालंय, आणि त्याबद्दल तुमच्या स्पीकरवरून अवाक्षर ऐकलेलं नाही. काही जण मॅगझिनच्या मागच्या पानावर पाय गोल फिरवणाऱ्या माणसाचं चित्र छापतात हे माहितीये मला. ते पान उघडून बघणारा माणूस अजून मला भेटायचाय.

पत्र लिहायचं कारण माझे बाबा.

११ तासांची फ्लाइट होती. बाबांना विंडो सीट मीच हौसेने घेऊन दिली, मी मधल्या सीटवर, आणि आइलवर, म्हणजे वाटेच्या कडेच्या सीटवर, एक गृहस्थ जे टेकऑफ झाल्या झाल्या ब्लँकेट डोक्यावरून घेऊन झोपले ते झोपलेच. आता बाबांच्या पिढीचा स्वभाव तुम्हाला माहितीच असेल, कुणाला त्रास द्यायचा नाही म्हणजे नाही. बाथरूमला जायचं तर त्या माणसाला उठवावं लागेल, म्हणून बाबांनी काय केलं तर पाणी पिणंच बंद केलं. क्रू ग्लास घेऊन आली की "नो थँक्यू", मी बाटली पुढे केली की "नको गं, मला तहान नाहीये". सहा-सात तासांनी तो माणूस स्वतःच उठला तेव्हा बाबा चटकन बाहेर पडले, बाथरूमला जाऊन आले आणि मागे गॅलीजवळ, म्हणजे क्रूच्या किचनजवळ, जरा पाय मोकळे करत उभे राहिले. दोन मिनिटं झाली नसतील, क्रूमधल्या एका मुलीने येऊन हसून सांगितलं, सर प्लीज सीटवर बसा. सीटबेल्टची लाइट बंद होती, विमान अगदी शांत चाललं होतं. बाबा सॉरी म्हणून परत आले आणि उतरेपर्यंत उठले नाहीत.

उतरताना बूट पायात जाईनात. लेस पूर्ण सोडली, जीभ ओढून बाहेर काढली, तरी टाच आत जाईना, शेवटी मागची बाजू दुमडून चपलेसारखे घालून फटाक फटाक करत बाहेर आले. आम्ही दोघं हसलो त्यावर, फोटोपण काढला मी. पाचव्या दिवशी म्हणाले डावी पोटरी दुखतेय, वात आला असेल. हात लावला तर गरम, आणि उजवीपेक्षा चांगलीच जाड झालेली. मी चोळून देणार होते, बरं झालं नाही दिली. डॉक्टरांनी पायाकडे बघायच्या आधी पहिला प्रश्न विचारला, गेल्या काही आठवड्यांत लांबचा प्रवास झालाय का? मग डॉपलर सोनोग्राफी, त्यात पायातल्या खोल शिरेत रक्ताची गुठळी निघाली. वेळेत गेलो म्हणून रक्त पातळ करायच्या गोळ्यांवर निभावलं, आता बाबा ठणठणीत आहेत.

पण तो प्रश्न डोक्यातून जात नाही. डॉक्टरला पोटरी बघायच्या आधी प्रवास आठवतो, आणि ज्यांनी तो प्रवास विकला त्यांना पोटरीची आठवणच नाही?

लगेच तुमची लीगलवाली मंडळी म्हणतील, मॅडम, हे काय फक्त विमानात होतं का. नाही होत. बस, ट्रेन, कार, कुठेही तासन्‌तास एका जागी बसलात तर होऊ शकतं, हे मला मान्य आहे. आणि मला कुणाला घाबरवायचंही नाहीये. जागतिक आरोग्य संघटनेने याच्यावर मोठा अभ्यास केला होता, त्याचे पहिले निष्कर्ष २००७ मध्ये आले. त्यात असं आहे की चार तास किंवा जास्त वेळ बसून प्रवास केला की गुठळीचा धोका साधारण दुप्पट होतो, पण मुळात तो इतका कमी असतो की निरोगी माणसांत दुप्पट होऊनही सहा हजारांत एक एवढाच राहतो. थोड्या दिवसांत बरेच प्रवास केले तर वाढतो. जाड माणसं, खूप उंच किंवा खूप बुटकी माणसं, गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्या बायका, रक्त गोठायचा घरात इतिहास असलेले, यांना जास्त. बुटक्यांना का, तर पाय नीट जमिनीला टेकत नाहीत आणि सीटची कड मांडीच्या मागे रुतून बसते. सहा हजारांत एक म्हणजे काहीच नाही असं वाटतं ना? मग विमान पाण्यात उतरायची शक्यता किती असते ते जरा तुमच्याच इंजिनियरना विचारा, आणि जॅकेट तर रोज दाखवता.

हे काही काल-परवा कळलेलं प्रकरण नाही. जॉन होमन्स नावाच्या अमेरिकन सर्जनने १९५४ मध्येच लांब बसून राहिल्यामुळे होणाऱ्या गुठळ्यांवर लिहिलं होतं आणि त्यात विमानप्रवासाची केस होती. १९७७ मध्ये याला इकॉनॉमी क्लास सिंड्रोम असं नाव पडलं, जे खरं तर चुकीचंच आहे कारण बिझनेस क्लासमध्ये न हलता झोपून राहणाऱ्याला पण हे होतं, पैसे जास्त भरले म्हणून रक्त ऐकत नाही.

कारण एकदम साधं आहे, शाळेतल्या पोराला समजेल असं. पायातलं रक्त वर चढवायचं काम निम्मं-शिम्मं पोटरीचे स्नायू करतात, चालताना ते आवळतात आणि शीर पिळल्यासारखी होऊन रक्त वर ढकललं जातं. आपण बसलो की पंप बंद. रक्त खाली साचतं, पाणी बाहेर पाझरतं, पाय सुजतात (दोन्ही पाय सारखे सुजले आणि एक-दोन दिवसांत उतरले तर काळजीचं काही नाही, एकच पाय सुजला आणि दुखला तर मात्र डॉक्टर, आणि छातीत दुखून दम लागला तर त्याच क्षणी हॉस्पिटल). म्हणजे उपाय काय, तर पंप चालू ठेवायचा. तासा-दोन तासांनी उठून फेरी मारायची, उठता येत नसेल तर बसल्या जागी टाच टेकवून चवडे वर, मग चवडे टेकवून टाचा वर, असं वीस-पंचवीस वेळा. पायावर पाय टाकून झोपायचं नाही. पायाशी बॅग कोंबायची नाही, कारण मग पाय हलवायला जागाच उरत नाही, आणि इथे तुमचे ते हँडबॅगेचे नियम आणि भरून गेलेले वरचे कप्पे आडवे येतात ते वेगळंच. ज्यांना धोका जास्त आहे त्यांनी डॉक्टरला विचारून गुडघ्याखालचे कॉम्प्रेशन स्टॉकिंग मापाने घ्यावेत. मनाने ॲस्पिरिन मात्र घेऊ नये. आणि झोपेची गोळी घेऊन आठ तास ओंडक्यासारखं पडून राहणं ही तर सगळ्यात वाईट आयडिया, आणि नेमकी तीच लोक एकमेकांना कौतुकाने सांगत असतात.

एवढं सांगायला किती वेळ लागतो?

आता पाण्याचं. बाहेर ३५,००० फुटांवरची हवा उणे पन्नासच्या आसपास असते, तिच्यात बाष्प जवळजवळ नसतंच, तीच हवा घेऊन गरम करून तुम्ही आत सोडता त्यामुळे केबिनमधली आर्द्रता बऱ्याचदा २० टक्क्यांच्या खाली जाते, आपल्याला घरात बरं वाटतं ते ४०-५० टक्क्यांना. खरं सांगायचं तर त्याने शरीरातलं पाणी लोक म्हणतात तेवढं काही संपत नाही, विमानात लिटरच्या लिटर पाणी प्या असं जे फॉरवर्ड फिरत असतं त्यात फार दम नाही. सुकतं ते नाक, घसा, डोळे. पण माणूस मुद्दाम पाणी टाळत असेल, वरून दारूचे दोन पेग आणि चार कॉफ्या, तर मग प्रश्न आहेच. कॉन्टॅक्ट लेन्स काढून चष्मा लावणं, नाकात सलाइनचा स्प्रे, ओठांना काहीतरी लावणं, अर्ध्या-पाऊण तासाने दोन घोट पाणी, एवढ्याने भागतं.

आता दोन घोट पाणी मागायचं कसं ते सांगा. २००६ पासून सिक्युरिटीला १०० मिलीच्या वरची बाटली काढून घ्यायला लागले, आता काही ठिकाणी सूट आहे पण बऱ्याच विमानतळांवर अजून घेतात, ठीक, तो तुमचा नियम नाही. पण मग आत आल्यावर तुम्ही घोटभर मावेल एवढ्या कपात पाणी देता आणि दुसऱ्यांदा बटन दाबलं की आमच्याकडे असं बघता की जसं काही किडनीच मागितली. मी आता रिकामी बाटली घेऊन जाते, रिकामीला कुणी अडवत नाही, आणि गेटजवळ भरून घेते. पण हे किती लोकांना माहितीये? बोर्डिंग पासवर एक ओळ छापा की रिकामी बाटली आणा. आणि रात्रीच्या फ्लाइटला गॅलीत पाणी उघड्यावर ठेवा, ज्याला हवं तो घेईल, त्या निमित्ताने चार पावलं चालेल पण.

कानाचं तर मला वैयक्तिक दुखणं आहे. एकदा सर्दी अंगावर काढून विमानात बसले, वर जाताना काही झालं नाही, म्हटलं सुटलो. झोपले मस्त. जाग आली ती उजव्या कानात कुणीतरी टोच्या खुपसतंय अशी, विमान खाली उतरत होतं आणि मी गाढ झोपेत असल्याने आवंढाच गिळला नव्हता. तेव्हा डोळ्यांतून पाणी काढलं त्या कानाने, मग तीन दिवस सगळं विहिरीतून ऐकू येत होतं. नंतर ईएनटीवाल्यांनी सांगितलं की त्रास जास्त करून उतरतानाच होतो, कारण कानाला नाकाशी जोडणारी जी नळी असते ती आतली हवा बाहेर सहज सोडते पण बाहेरची आत सहज घेत नाही, सर्दीत सुजलेली असेल तर अजिबातच नाही. म्हणून उतरायला लागलं की जागं पाहिजे, गिळत राहायचं, जांभया द्यायच्या, नाही जमलं तर नाक चिमटीत धरून तोंड मिटून हळूच फुंकायचं, जोर लावायचा नाही, आणि दुखायला लागायच्या आधीपासून. सर्दी असेल तर डॉक्टरला विचारून नाकाचा स्प्रे उतरायच्या अर्धा तास आधी. तान्ह्या बाळाला उतरताना पाजायचं किंवा चोखणी द्यायची, म्हणजे ते गिळत राहतं. उतरताना सगळी बाळं एका सुरात का रडतात आणि सगळे मोठे त्यांच्या आईकडे डोळे वटारून का बघतात, तर त्या बिचारीला हे कुणी सांगितलेलं नसतं.

आणि तुम्ही अनाउन्समेंट करताच की तेव्हा! सीट सरळ करा, ट्रे बंद करा, खिडकीचा पडदा वर करा. त्यातच एक वाक्य घाला, आता आपण खाली उतरतोय, शेजारी कुणी झोपलं असेल तर उठवा, गिळत राहा. आणि सीट सरळ करायची वेळ येईस्तोवर थांबू नका, उतरायला सुरुवात झाली की लगेच सांगा, जमिनीला अर्धा तास असताना.

केबिनमधला दाब हा पण असाच कुणाला न सांगितलेला प्रकार. विमान कितीही उंच असो, आत जास्तीत जास्त ८,००० फूट उंचीवर असतो तेवढा दाब ठेवतात, म्हणजे आपण जवळपास एखाद्या डोंगरावर नेऊन बसवलेले असतो. म्हणून बंद पाकीट फुग्यासारखं टम्म होतं आणि तेच आपल्या पोटात होतं, आतला वायू साधारण ३० टक्क्यांनी फुगतो. विमानात सोडा आणि बिअर पिणाऱ्यांनी आणि टाइट जीन्स घालून येणाऱ्यांनी हे वाचावं, विशेषतः शेजारच्या सीटवर मी असेन तर. नवीन विमानांत, बोइंग ७८७ आणि एअरबस ए३५० मध्ये, हाच दाब ६,००० फुटांच्या हिशोबाने ठेवतात, आणि ७८७ मध्ये तर हवा पण जरा कमी कोरडी असते, कारण बॉडी धातूऐवजी बरीचशी कंपोझिटची, म्हणजे कार्बन फायबर घातलेल्या प्लास्टिकची आहे, गंजायची भीती कमी. मुद्दा काय, मनावर घेतलं की होतं.

एका गोष्टीचं मात्र कौतुक, उगाच नुसत्या शिव्या नको. तुमची आतली हवा लोकांना वाटते तितकी घाण नसते. तासाला २०-३० वेळा बदलते, जी परत फिरवता ती हेपा फिल्टरमधून, म्हणजे अगदी बारीक कण अडवणाऱ्या गाळणीतून जाते. शेजारचा खोकणारा माणूस हा प्रॉब्लेम आहेच, ट्रेवरचे हातही आहेत, पण हवेच्या बाबतीत तुम्ही काम केलंय. गंमत म्हणजे ही चांगली गोष्टसुद्धा तुम्ही धड सांगत नाही.

सीटवर येते. जुनी माणसं सांगतात पूर्वी गुडघे पुढच्या सीटला लागत नसत, आज काही विमानांत दोन रांगांमधलं अंतर २८ इंचांवर आलंय. त्यात मी पाच फूट दोन इंच असून अवघडून बसते तर सहा फुटांचा माणूस काय करत असेल देव जाणे. ९० सेकंदांत, निम्मी दारं बंद धरून, सगळे बाहेर पडले पाहिजेत या टेस्टमध्ये विमान पास आहे असं तुम्ही म्हणता, असेल. पण ९० सेकंदांत बाहेर पडता येणं वेगळं आणि ११ तास आत बसता येणं वेगळं. आणि सगळ्यात भारी म्हणजे पुढच्याने सीट मागे घेतली की मागचा पुढच्याशी भांडतो, दोघं एकमेकांचे गुडघे आणि मानपाठ काढतात, आणि जागा खाल्ली ज्यांनी ते तुम्ही नामानिराळे.

इंच परत द्या असं मी म्हणत नाही, तेवढी भोळी नाहीये. जे फुकट आहे ते तरी द्या. सीटबेल्टची लाइट बंद असेल तर उभ्या माणसाला हाकलू नका, क्रूला तसं ट्रेनिंग द्या. क्रूचा पण यात दोष नाही म्हणा, ती पोरं तुमच्याच सूचना पाळतात, गॅलीत गर्दी नको म्हणून. बसलेल्याने बेल्ट सैलसर लावूनच ठेवावा, अचानक हादरा बसला तर छताला डोकं आपटतं, ते बरोबर आहे. पण लाइट तासन्‌तास विनाकारण चालू ठेवणं म्हणजे चारशे माणसांच्या पोटऱ्या बांधून ठेवणं.

बुकिंग करताना तुम्ही मला हॉटेल हवंय का, गाडी हवीये का, इन्शुरन्स हवाय का, आधी बोर्डिंग हवंय का, सगळं विचारता. नुकतं ऑपरेशन झालंय का, पडद्याच्या ऑपरेशनमध्ये डोळ्यात गॅसचा बुडबुडा सोडलाय का, दोन दिवसांत प्लास्टर घातलंय का, काल स्कूबा डायव्हिंग केलं का, हे कुठे विचारता? डोळ्यातला गॅस वर गेल्यावर फुगतो आणि नजर जाऊ शकते, स्कूबावाल्यांना एकाहून जास्त डाइव्ह केले असतील तर किमान १८ तास थांबायला सांगतात. नियमांच्या चाळीसाव्या पानावर लिहिलेलं असेलही, मी काही नाही म्हणत नाही.

तुम्ही बदलत नाही असंही नाही. तुमच्या बाथरूमच्या दारावर अजून ॲशट्रे असते, सिगारेट ओढायला बंदी असूनसुद्धा, कारण कुणी ओढलीच तर विझवायला सुरक्षित जागा पाहिजे म्हणून नियमच आहे तसा. एके काळी त्याच केबिनमध्ये लोक बिनधास्त धूर सोडत बसायचे. १९८८ मध्ये अमेरिकेत दोन तासांपर्यंतच्या देशांतर्गत फ्लाइट्सवर बंदी आली, मग १९९२ मध्ये इकाओने, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या विमान वाहतूक संघटनेने, सगळ्या देशांना सांगितलं की १९९६ पर्यंत आंतरराष्ट्रीय फ्लाइट्स धूरमुक्त करा. झालं की नाही? आज ओढू देत नाहीत म्हणून कुणी विमानात बसायचं थांबलंय का?

तर मी तुमचं काम सोपं करून ठेवलंय. खालचा मजकूर मी घड्याळ लावून वाचला, घाई न करता, अर्ध्या मिनिटाच्या जरा वर जातो.

"प्रवास लांबचा आहे. दर तासाला चवडे आणि टाचा हलवा, सीटबेल्टची लाइट बंद असेल तेव्हा उठून फेरी मारा. आइलवर बसलेल्या प्रवाशांना विनंती, शेजारच्याला उठायला संकोच वाटू देऊ नका. पाणी गॅलीत ठेवलं आहे. उतरायच्या अर्धा तास आधी आम्ही तुम्हाला जागं करू, कानांसाठी. पुढच्या काही आठवड्यांत एकच पाय सुजून दुखला किंवा दम लागला तर डॉक्टरांना दाखवा आणि हा प्रवास झाल्याचं सांगा."

भाषा तुम्ही सुधारून घ्या, माझी काही कॉपीराइट नाही.

बाबा पुढच्या महिन्यात परत जाणार आहेत, डॉक्टरांनी हो म्हटलंय. या वेळी आइल सीट घेतलीये, स्टॉकिंग मापाने आणलेत, एक नंबर मोठे लेस नसलेले बूट घेतलेत, आणि मोबाइलमध्ये दर तासाचा अलार्म लावायची प्रॅक्टिस चाललीये, तो घरात वाजला की सगळे दचकतात. मी सोबत नाहीये. तेव्हा रात्री मागे गॅलीजवळ एक उंच, पांढऱ्या केसांचा, जरा लाजरा माणूस पडद्याला धरून टाचा वर-खाली करताना दिसला, तर त्याला बसा म्हणू नका. पाणी विचारा.

कळावे,
मधल्या सीटवरची एक प्रवासी